सरळ रेघेचं अंतर

"असं विमानच नाही हो, काकू," नजमा म्हणाली, आणि कुसुमच्या हातातली केरसुणी धड खाली टेकलेली ना धड वर उचललेली, अशी मधेच राहिली.

नजमा समोरच्या दारातली. चौकात तिचं विमानाच्या तिकिटांचं ऑफिस. कुसुमच्या मुलाचं, अनंतचं, कॅनडाहून येण्याजाण्याचं तिकीटही तिनंच काढून दिलेलं. ऑफिसला निघता निघता जिन्याशी थबकून तिनं सहज विचारलं होतं, अनंतदादाचा काही निरोप? कुसुमनं हसून सांगितलं, नऊलाच पोचला की तो. एवढंच नाही, फ्रिजला चिकटवलेला कागद काढून आणून दाखवलाही. नवऱ्याचं, शरच्चंद्रांचं, अक्षर, नकाशावर गावांची नावं लिहितात तसं उभट आणि निवांत: पुणे ते व्हँकुव्हर, बारा हजार दोनशे नव्वद किलोमीटर, चौदा तास अठ्ठावन्न मिनिटं. काल संध्याकाळी सहाला विमान सुटलं, आज सकाळी नऊला पोचलं. हाताच्या बोटांवर तिनं तीनदा मोजलं होतं. नजमानं कागद वाचला आणि परत देताना तिचा आवाज मऊ झाला. हे सरळ रेघेचं अंतर आहे, ती म्हणाली. मशीन नकाशावर दोरी धरतं, भागाकार करतं आणि सांगतं. तसं कुणी जात नाही. पुण्याहून दिल्ली, दिल्लीत सहा-सात तास, मग फ्रँकफर्ट, तिथं पुन्हा थांबायचं, मग पुढं. आपल्या उद्याच्या पहाटेला पोचेल. तिनं पर्समधून फोन काढला, अंगठ्यानं काही सरकवलं आणि पडदा कुसुमपुढं धरला. निळ्या रंगावर एक इवलंसं पिवळं विमान होतं, हलत नसल्यासारखं. "आत्ता हा बघा इथं आहे. काळ्या समुद्रावर." मग कुसुमचा चेहरा बघून तिला काहीतरी उमगलं असावं, कारण ती घाईनं म्हणाली, उगाच काळजी करू नका, नुसतं नाव तसं आहे. आणि जिना उतरून गेली.

कुसुम दारातच उभी राहिली. पाठीमागं तीन खोल्यांचं घर लखलखत होतं. कोपरान् कोपरा झाडून काढला होता तिनं. पलंगाखालून, कपाटामागून, दाराच्या फटीतून. काल दुपारी अनंत निघाला तेव्हापासून तिनं जमिनीला केरसुणी लावली नव्हती. घरातलं माणूस वाटेला लागलं की ते पोचेपर्यंत त्याच्या मागं केर काढायचा नाही, हे तिला कुणी कधी शिकवावं लागलं नव्हतं. आई म्हणायची, माणूस जातं पण पावलं मागं राहतात, ती झाडली की त्याच्या पायांना घर सापडत नाही. शरच्चंद्रांना हे चव्वेचाळीस वर्षं माहीत होतं आणि चव्वेचाळीस वर्षं ते त्यावर काहीतरी बोलत आले होते. काल रात्री जेवताना पायाखाली शेवेचा तुकडा आला तर म्हणाले, कॅनडाच्या सरकारला कळवून ठेवू का, विमान उतरेपर्यंत कोथरूडमध्ये केर साठतोय म्हणून? कुसुम हसली नव्हती. तिनं फक्त विचारलं होतं, अहो, पण नक्की किती वेळ लागतो? आणि त्यांनी फोनवर शोधून कागदावर उतरवून दिलं होतं. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं नकाशे काढलेला माणूस. आकडा तोंडी सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे. कागद तिच्या हातात देताना ते पुढं काही म्हणालेही होते. पेन्सिलीचं टोक हवेत टेकवत, हे बघ, पण हे… कुसुमनं ऐकलं नव्हतं. ती तेव्हा बोटं मोजत होती. आता, नजमा गेल्यावर, ते न ऐकलेलं वाक्य तिला जवळजवळ ऐकू आलं. नुसता त्याचा सूर, शब्द नाहीत, शेजारच्या खोलीतल्या रेडिओसारखा.

काळा समुद्र. तिच्या डोळ्यांपुढं डांबराचं पाणी उभं राहिलं, त्याला लाटा नव्हत्या, आवाज नव्हता. आणि त्याच्यावर कुठंतरी उंच, पायाखाली काही नसलेला, खिडकीला डोकं टेकून झोपलेला अनंत. बेचाळीस वर्षांचा, कानाजवळ पांढरा झालेला, झोपेत अजून वरचा ओठ पुढं काढणारा. तो तिथं लटकलेला असताना इथं ती त्याची पावलं झाडत होती.

केरसुणीच्या काड्यांचा तळव्याला स्पर्श झाला की नऊ वर्षांची कुसुम कुठूनही धावत येई, आजही आली. तेव्हा ती माणसं पेठेत दोन खोल्यांत राहायची. वडील खडकवासल्याला धरणाच्या कचेरीत कारकून होते. रोज सायकलवरून जायचे. दहा मैल, सव्वा तास. उलटा वारा असला तर दीड. आई म्हणायची, तुमचं काय, तुमची वाट घड्याळासारखी. मंगळवार होता. आई नळावर गेलेली. सायकल बोळाच्या वळणावर दिसेनाशी झाली आणि कुसुमच्या मनात आलं, आई पाण्याच्या कळशा घेऊन दमून येईल, तर आपण घर झाडून ठेवू. तिला शाबासकी हवी होती, बाकी काही नाही. उंबऱ्यापासून मोरीपर्यंत तिनं झाडलं, केर सुपलीत भरला, बाहेर टाकला, आणि दारात पाय जुळवून उभी राहिली. आई आली. कळशी डोक्यावरच होती. तिनं जमिनीकडं पाहिलं, कुसुमकडं पाहिलं, आणि कळशी उतरवताना एवढंच विचारलं, "लगेच काढलास?" त्या वर्षी पूर नव्हता, पाऊस नव्हता, काही नव्हतं. स्वच्छ ऊन होतं. दुपारी तीनला कचेरीतला शिपाई आला. कालव्याच्या कडेला सायकल मिळाली होती, पुढच्या चाकाला थोडा पोचा होता, इतकंच. वडील संध्याकाळी मिळाले. आईनं त्यानंतर तीस वर्षांत कुसुमला त्याबद्दल कधी एक अक्षर विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं मुलीच्या हातून फक्त केरसुणी काढून घेतली, हळूच, झोपलेल्या मुलाच्या हातातून खेळणं काढतात तशी, आणि मग लग्न होऊन सासरी जाईपर्यंत घरचा केर कुसुमनं काढला नाही.

आई दळताना ओव्या म्हणायची, तेही तुटलं. म्हणजे दळण बंद झालं नाही, ओव्याही म्हणायची. पण एक ओवी अर्ध्यावर यायची आणि थांबायची. जातं तेवढं गरगरत राहायचं. *लांबल्या वाटेला देव देते मी सोबत…* एवढं म्हणून आई ओठ मिटायची. पुढची ओळ कुसुमला कधीतरी येत होती. नऊ वर्षांच्या आधीच्या कानांत ती होती. मग ती कुठं गेली कळलं नाही. काल अनंतच्या हातावर दही घालताना तिच्या मनात ती पहिली ओळ आली होती आणि तिला बरं वाटलं होतं. वाट लांबच होती. देव दिला सोबत.

केर. एकदम तिच्या लक्षात आलं, केर अजून गेलेला नाही. दाराबाहेर कागदाच्या पिशवीत भरून ठेवलाय. आणि पिशवी तिथं नव्हती. खाली फाटकाशी ढकलगाडीचा खडखडाट झाला. सोजरबाई रोज दहाच्या सुमाराला येऊन मजल्यामजल्यावरून कचरा उचलून नेई. नजमाशी बोलत असतानाच ती मागून पिशवी घेऊन उतरली असणार. कुसुम तशीच, पायात काही न घालता, तीन मजले उतरली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला हात लागला तेव्हा अनंतचं परवाचं बोलणं तिच्या कानावरून गेलं: आई, बाबा इथं थांबतात हल्ली, तुझ्या लक्षात आलंय का? दोन मिनिटं थांबतात, आणि खिशात किल्ली शोधल्याचं नाटक करतात. दाखवून घे. ती हो म्हणाली होती. तू गेलास की घेते दाखवून. तो जायचा आहे एवढंच तेव्हा तिला त्या वाक्यात ऐकू आलं होतं.

सोजरबाईनं पिशवी गाडीत रिकामी केली नव्हती अजून. कुसुमनं ती मागितली तेव्हा तिनं कमरेवर हात ठेवले.

"काय हरवलं जणू? कानातलं कुडकं का?"

कुसुम म्हणाली, काही नाही, पोराचं एक आहे त्यात.

"पोरगं तर इमानात हाय म्हनलं साहेब मघाशी." सोजरबाईनं पिशवी पुढं केली. "घ्या. केर परत मागनारं तुमचं पयलंच घर."

साहेब मघाशी. ते शब्द कुसुमच्या कानाला लागून घरंगळून गेले. तिनं पिशवी छातीशी धरली आणि जिना चढली. आता तिला एकच काम होतं आणि ते तिला इतकं स्पष्ट दिसत होतं की कुणी वेड्यात काढलं असतं तरी हात थांबले नसते. अनंतच्या खोलीत बसून तिनं पिशवी जमिनीवर उघडली. राखाडी, मऊ, जवळजवळ ऊबदार अशी धूळ. त्यात तिनं बोटं घातली. बॅगेला लावायच्या कागदी पट्टीचा फाटका तुकडा, हा त्याचा. चॉकलेटची चांदी, त्याची. आखूड काळे केस, दोन पांढरे. नखाची कोर. सुटकेस ओढताना पलंगाच्या पायाचा निघालेला रंग. एकेक करून तिनं ते निवडलं, तांदूळ निवडतात तसं, आणि मूठभर धूळ घेऊन त्याच्या पलंगाखाली, टेबलाखाली, तो दाढी करायचा त्या आरशाखाली हलक्या हातानं पसरली. पसरताना ती ओठांतल्या ओठांत काही म्हणत होती; ते स्तोत्र नव्हतं, नाव होतं नुसतं. पिशवीत अजून निम्माअधिक केर उरला. बाहेरच्या खोलीचा. चहाची पावडर, वर्तमानपत्राचे कपटे, चपलांची माती, दारातल्या पायपुसण्याचे धागे. तो कुणाचाच नव्हता. तो रोजचा होता. खाली सोजरबाई हाक मारत होती, बाई, मी चालले बरं का, दुसऱ्या सोसायटीत जायाचंय. कुसुमनं खिडकीतून थांब म्हटलं आणि उरलेली पिशवी पुन्हा नेऊन दिली. गाडी खडखडत फाटकाबाहेर गेली. वर आल्यावर तिला जरा श्वास घेता आला.

मग ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली, फोन मांडीवर घेऊन. नजमानं सांगितलं होतं, पावणेबारा-बाराला फ्रँकफर्टला उतरेल. घड्याळात दहा पंचवीस. पंख्याची सावली स्वच्छ फरशीवरून फिरत होती. तिनं डोळे मिटले की काळं पाणी यायचं, उघडले की फरशी. वडिलांची वाट तरी डोळ्यांनी दिसण्यासारखी होती. सिंहगडाचा रस्ता, वडाची झाडं, कालव्याचा कठडा. मोठी झाल्यावर ती एकदा बसनं जाऊन ती वाट पाहून आली होती, मैलाचे दगड मोजत. दहाच होते. अनंतच्या वाटेला दगडच नव्हते. शरच्चंद्रांनी काल पोराचा शाळेतला पृथ्वीचा गोल माळ्यावरून काढला होता आणि दोरा धरून दाखवला होता: सरळ गेलं तर असं, उत्तरेकडून, बर्फावरून. दोरा पुण्यावर आपल्या अंगठ्यानं दाबून धरला होता आणि दुसरं टोक तिला दिलं होतं, धर व्हँकुव्हरवर. ते दोघं असे गोलाच्या दोन बाजूंना उभे राहिले, मधे ताणलेला दोरा. त्यांचा अंगठा थरथरत होता. तिनं म्हटलं, अहो हलवू नका. ते म्हणाले, "मी कुठं हलवतोय? पृथ्वीच फिरते."

आता तिला तो अंगठा आठवला. नखाखाली निळसर. पेन्सिलीचा रंग, असं तिला वाटलं होतं.

स्वयंपाकघरात कुकरनं शिटी दिली. डाळ तिनं कधी लावली ते तिलाच आठवेना. उठून गॅस बंद केला. ओट्यावर गोड्या मसाल्याचा डबा उघडाच होता. काल विमानतळाला निघायच्या आधी स्प्रिंगच्या काट्यावर सुटकेसचं वजन तेवीसच्या वर गेलं आणि अनंतनं मसाल्याची पुडी बाहेर काढून ठेवली होती. आई, पुढच्या वेळी. पुढची वेळ म्हणजे चार वर्षं. त्या पुडीच्या विचारात ती रात्रभर जागल्यासारखी झोपली होती. सकाळी शरच्चंद्र म्हणाले, कुरियरनं पाठवू, कर्वेनगरला दुकान आहे, किती घेतो विचारून येतो. ती म्हणाली, अहो फोनवर विचारा की. ते म्हणाले, फोनवर वजन कळत नाही. सदरा घातला, पुडी पिशवीत टाकली. दारात त्यांनी नेहमीप्रमाणं "आलोच" म्हटलं. साडेनऊ झाले होते. ती तेव्हा फ्रिजवरच्या कागदाकडं बघत होती, नऊ वाजून गेले, पोचला, पोचला. तिनं मान वळवलीच नाही. हं म्हणाली. दार लागल्याचा आवाज आला, आणि मग जिन्यात त्यांची पावलं, आणि मग पावलांमधे एक थांबा, किल्ली शोधण्याइतका, आणि मग पुन्हा पावलं. त्या थांब्यातच तिनं केरसुणी हातात घेतली होती.

हे सगळं तिच्या मनात आलं ते गॅसच्या शेगडीपाशी, आणि आलं तसं ते थांबलं नाही. पाण्यातून मासा वर येऊन पुन्हा खाली जावा तसं गेलं. कारण मन सगळं वर आभाळाकडं लागलेलं होतं. शरच्चंद्र बाहेर पडले की त्यांच्या अर्ध्या तासाचा दीड तास होई हे रोजचंच. वाटेत बाकावर बसतील, कुणाला तरी नकाशात काढल्यासारखा पत्ता सांगतील, महापालिकेनं खणलेला रस्ता कसा चुकीच्या उतारावर खणलाय ते उभं राहून बघतील. कर्वेनगर म्हणजे जेमतेम सव्वा किलोमीटर. ती काय वाट होती?

अकरा. सव्वाअकरा. रस्त्यावरून एक रुग्णवाहिका गेली. कोथरूडमध्ये त्या दिवसभर जातात. कुसुमनं त्या आवाजाला नेहमीसारखा कपाळाला हात लावला, कुणाचं माणूस असेल ते असो, आणि पुन्हा फोनकडं पाहिलं. अनंतच्या खोलीतली धूळ उन्हाच्या पट्ट्यात दिसत होती, अगदी पातळ, पिठासारखी. ती तिला राखणदारासारखी वाटली. आपण परत ठेवलंय सगळं, ती मनात म्हणाली, कुणाला ते तिलाही माहीत नव्हतं. ज्याचं त्याला परत दिलंय. आता नेऊ नका.

अकरा पन्नासला फोन वाजला. पडद्यावर अनंतचा हसरा चेहरा, बर्फात टोपी घातलेला. तिच्या बोटांना हिरवं वर्तुळ सापडेना, दोनदा निसटलं.

"आई, उतरलो गं. फ्रँकफर्ट."

तिच्या तोंडातून नुसता एक आवाज निघाला. ती रडू लागली, हसत. तो म्हणाला, वेडी आहेस का, अजून अर्धी वाट आहे. तिनं विचारलं, समुद्रावर काही झालं नाही ना? तो म्हणाला, कुठला समुद्र? मी झोपलो होतो. त्याच्या मागं परक्या भाषेत कुणीतरी घोषणा करत होतं, चाकाच्या बॅगा घरघरत होत्या. मग त्याचा आवाज थोडा बदलला, म्हणजे हळू झाला, जसा तो लहानपणी काही फुटलं की होई.

"बाबा आहेत का तिथं?"

कुसुमनं मान वर केली. समोरची खुर्ची. हुकावर छत्री. फरशी.

"मी आधी बाबांना लावला," अनंत सांगत होता, "उतरल्यावर वेळ सांगायची कबूल केली होती ना. तर फोन कुणी दुसऱ्यानंच उचलला. मला वाटलं नंबर चुकला. तो माणूस म्हणाला, हे काका तुमचे कोण? मी म्हटलं, वडील. त्यांना द्या. तर म्हणाला, एक मिनिट. मग नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला. कुणीतरी म्हणालं, पिशवी उचला, मसाला सांडलाय सगळा. आणि कट झाला. आई? बाबा कुठं गेलेत?"

ती उभी राहिली होती. कधी, ते कळलं नव्हतं. सव्वा किलोमीटर. सरळ रेघेनं मोजलं तर त्याहून कमी. गच्चीवर गेलं तर ते दुकान इथून दिसतं. आणि बातमी केवढ्या लांबून आली, पर्वतांवरून, त्या काळ्या पाण्यावरून. *उंबऱ्याच्या वाटेला कोण राहिलं जागत.* आईची दुसरी ओळ होती ही. इतकी वर्षं कुठं होती कोण जाणे. आत्ता आली आणि आईच्याच आवाजात आली, जात्याच्या घरघरीसकट.

"आई, बोल ना."

तिनं फोन कानाला धरला होता आणि ती खाली बघत होती. खुर्चीपासून दारापर्यंत, दारापासून उंबऱ्यापर्यंत तिनं बघितलं. रोज सकाळी त्यांच्या चपलेची माती इथं असे, टाचेकडं जाड, बोटांकडं विरळ. रोज ती त्यावरून कुरकुरत असे. ती वाकली. गुडघे टेकून तिनं उंबऱ्यापाशी तळहात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, फटीत नख घालून. हाताला काहीच लागलं नाही. फरशी गार होती आणि इतकी स्वच्छ, की तिच्यात तिला तिचाच चेहरा दिसला, नऊ वर्षांचा, शाबासकीची वाट बघत उभा.